सुपारीची डबी

डिंडोली, सुरत
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय भिकनमामा,

आधी पायावर डोकं ठेवते, मग बातमी सांगते. तुमची भाची सेक्शन मॅनेजर झाली! आईने हे तुम्हाला फोनवर सांगायचा प्रयत्न केला होता. ती इकडून गल्ली गोळा होईपर्यंत ओरडत होती, "गायत्री मॅनेजर झाली," आणि तुम्ही तिकडून म्हणत होतात, "हो हो, कापूस मागच्याच आठवड्यात विकला." मोबाइलवर लिहून पाठवलं तर तुम्ही नुसता अंगठा पाठवून मोकळे होता. म्हणून हॉस्टेलमध्ये असताना लिहायचे तसं पुन्हा पत्र लिहायला बसले आहे.

पर्वत पाटियाच्या पुढे, कडोदरा रस्त्याला आमच्या कंपनीने एका जपानी कंपनीबरोबर विणकामाचं नवं खातं उघडलंय. चोवीस लूम, चोवीस कारीगर. आपल्या लिंबायतची सहा माणसं आहेत, बाकी ओडिशाची, तेलुगू, दोघं बिहारचे. वाल्मिक पण आहे, तुमच्या जुन्या गल्लीतला. वर सगळ्यांची प्रमुख म्हणून जपानहून एक बाई आल्या आहेत, ओकामुरासान. 'सान' म्हणजे आपल्या 'ताई', 'दादा'सारखं. वय अठ्ठावन्न, केस कानाखालपर्यंत कापलेले, चालणं असं की आपण मागे पळायचं. मी त्यांच्या हाताखाली.

आता खरं सांगते. हे सगळं तीन महिन्यांच्या बोलीवर आहे. एप्रिलअखेर त्यांना कापड पसंत पडलं तर खातं सुरतेत राहणार. नाही तर मशीन उचलून दुसऱ्या देशात नेणार. तसं झालं तर चोवीस घरांचं काम जाईल, आणि 'बाईला मॅनेजर केलं म्हणून असं झालं' हे वर ऐकावं लागेल ते वेगळंच.

कंपनीने मला दोन दिवस हॉटेलात बसवून जपानी लोकांबद्दल शिकवलं. कार्ड दोन हातांनी द्यायचं, तोंडावर 'नाही' म्हणायचं नाही, आणि जपानी माणूस गप्प बसला तर समजायचं की तो नाराज आहे. मी सगळं वहीत उतरवून घेतलंय. तुम्ही पस्तीस वर्षं मुकादमकी केलीत, तुमच्या वहीत काय होतं ते पण लिहा.

मामींना नमस्कार.
तुमची,
गायत्री

•

पारोळा
१६ फेब्रुवारी २०२५

गायत्री बेटा,

पत्र मिळालं. तुझ्या मामीने, सोनाबाईने आधी वाचलं, मग मला वाचायला दिलं, मग परत घेऊन शेजारणीला दाखवायला गेली. ते अजून घरी आलेलं नाही. पेढे मात्र तिने माझ्याच खिशातून वाटले.

माझी वही कसली आलीय? मी सातवी पास. पण आमच्या खात्यात पंधरा गावांची माणसं होती आणि पत्रं सगळ्यांची मी लिहायचो, हिंदीत, मोडकंतोडकं. एवढ्यावरून सांगतो, माणूस कुठूनही आलेला असो, घरी लिहिताना पहिली ओळ एकच असते, 'मी मजेत आहे.' आणि अडचण नेहमी शेवटी, पान संपत आलं की. तेव्हा तुझी माणसं पहिल्या ओळीवर असतील तर थांब, पान संपू दे.

दुसरं म्हणजे खात्यात तोंडाने बोलायच्या भानगडीत पडू नकोस. लूम सुरू असताना ब्रह्मदेव आला तरी त्याचं ऐकू येणार नाही. आम्ही हातांनी बोलायचो. दोन बोटं जोडून फटकन वेगळी केली की सुताचा तार तुटला. मिशीवरून हात फिरवला की शेठ आला, मग शेठला मिशी असो वा नसो. अंगठा ओठाला लावला की चहा. हे ओडियालाही कळायचं आणि तेलुगूलाही. तू लहानपणी डबा द्यायला यायचीस तेव्हा दारात उभी राहून हे सगळं करून दाखवायचीस. विसरलीस?

माझ्या कानांचं विचारू नकोस. वय झालं, जाणारच. कानाचं मशीन घ्या म्हणून आमचा प्रदीप मागे लागलाय. मी नको म्हटलं. कानात बटण लावून फिरायला मी काय रेडिओ आहे?

तुझा,
भिकनमामा

•

डिंडोली, सुरत
९ मार्च २०२५

प्रिय मामा,

मी मजेत नाही. पान संपायची वाट न पाहता पहिल्याच ओळीत सांगते.

आमचं कापड दोनदा परत आलं. कापडात बारीक आडवी रेघ येते, बोटाने चाचपली की लागते. कुठून येते कळत नाही. दर सोमवारी काचेच्या केबिनमध्ये मीटिंग होते. ओकामुरासान तुटक्या इंग्रजीत विचारतात, "अडचण काय?" मी हिंदीत सांगते. वाल्मिक माझ्या कानाशी येऊन कुजबुजतो, "ताई, बाईले सांगा, बठ्ठं बेस शे." ओडिशाचा चंचल पायाकडे बघत म्हणतो, "सब ठीक है मॅडम." चोवीसच्या चोवीस जण तेच सांगतात. आणि खरं सांगू? मी पण रिपोर्टात तेच लिहिते. परदेशातून आलेल्या माणसाला आपल्या घरातलं गळकं छप्पर कोण दाखवतं?

मग त्या गप्प बसतात. दोन दोन मिनिटं! नुसत्या आमच्या तोंडाकडे बघत राहतात. हॉटेलात शिकवलं होतं ते बरोबर निघालं, बाई नाराज आहेत. मला तर त्यांचं काहीच पटेनासं झालंय. मार्चच्या उकाड्यात केबिनचा पंखा बंद करायला लावतात. बसतात नेहमी भिंतीला पाठ लावून. मला कायम उजव्या बाजूला बसवतात, डाव्या बाजूला कोणालाच बसू देत नाहीत. वाल्मिक तोंडावर हात ठेवून बोलला तर स्वतः उठून त्याचा हात खाली केला, बिचारा दिवसभर खजील होता. परवा मी मागून तीन हाका मारल्या, वळून सुद्धा पाहिलं नाही. एवढा कसला मोठेपणा?

आणि खात्यात गेल्या की बाई वेगळ्याच होतात. दारातच खिशातून एक छोटी डबी काढतात, त्यात काहीतरी करतात आणि परत ठेवतात. माणसं म्हणतात, बाईंना सुपारीचं व्यसन आहे. मग लूमवर नुसता तळहात ठेवतात आणि लहान मुलासारख्या हसतात. एकदा अकरा नंबरवर हात ठेवून मला म्हणाल्या, "ही आजारी आहे." दुसऱ्या दिवशी अकरा नंबरचं बेअरिंग गेलं! मामा, अंगावर काटा आला माझ्या. एवढी जाणकार बाई, आणि माणसांशी दगडासारखी.

मी कंपनीला पत्र लिहून ठेवलंय. आपल्या माणसांचा स्वभाव समजेल असं दुसरं कोणी पाठवा, नाही तर हे खातं हातचं जाईल, असं. पुढच्या सोमवारनंतर पाठवणार आहे. तुम्हाला काय वाटतं?

गायत्री

•

पारोळा
१३ मार्च २०२५

गायत्री,

हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवतोय. तुझं ते कंपनीचं पत्र पाठवू नकोस. पाठवलं असशील तर परत माग.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना चहा गार झाला. बेटा, त्या डबीत सुपारी नाही.

भिंतीला पाठ का लावायची? मागून कोणी बोलू नये म्हणून. पंखा का बंद? त्याच्या घरघरीत माणसाचा आवाज बुडतो. उजवीकडे का बसवते? तिचा डावा कान पार गेला असणार. तोंडावरचा हात का काढला? ओठ दिसावेत म्हणून. तू मागून हाका मारल्यास त्या तिच्यापर्यंत पोचल्याच नाहीत, तर ती वळणार कशी? आणि मीटिंगमध्ये ती नाराज नसते. ती आपण काय ऐकलं ते जुळवत बसलेली असते. खात्यात सगळेच बहिरे, म्हणून तिथे हसते.

मला कसं कळलं विचारशील. हे सगळं मी केलंय. भिंत, पंखा, उजवी बाजू, सगळं.

माझे कान वयाने गेले नाहीत. अडतिसाव्या वर्षीच गेले. कोणाला सांगितलं नाही, सोनाबाईलाही नाही. बहिऱ्याला मुकादम कोण ठेवणार? कोणी काही विचारलं की हसून 'हो, हो' म्हणायचो. माणसं म्हणायची, भिकन मुकादम मोठा हसतमुख.

काशीराम आठवतो? लिंबायतला आपल्या समोर राहायचा, उजव्या हाताची दोन बोटं नव्हती. तुम्हा पोरांना त्या हाताने गोळ्या वाटायचा. त्या दिवशी त्याचा हात लूममध्ये होता, पलीकडून त्याने 'थांब' म्हणून आवाज दिला, आणि मी लूम सुरू करायचं बटण दाबलं. मला ऐकू आलं नाही. सगळे म्हणाले काशीरामने घाई केली. मी पण तसंच म्हटलं. एकवीस वर्षं झाली.

तेव्हा त्या बाईला तोंडावर काही विचारू नकोस. माणूस हे जीव मुठीत धरून लपवतो. कोणाला सांगूही नकोस. ती मीटिंग फक्त काचेतून उचल आणि खात्यात ने. बाकी तुझे हात जाणतात.

हे पत्र सोनाबाईला वाचायला दिलेलं नाही.

भिकनमामा

•

डिंडोली, सुरत
६ एप्रिल २०२५

प्रिय मामा,

काशीरामकाकांचं तुम्ही मला सांगितलंत, एवढं मी जपून ठेवते.

कंपनीचं पत्र फाडलं. मला स्वतःची इतकी लाज वाटली मामा! दोन महिने एक बाई माझ्यासमोर धडपडत होती आणि मी वहीत बघून 'जपानी लोक असेच असतात' म्हणत होते. ती वही आता कपाटाच्या तळाशी आहे.

कोणालाच काही बोलले नाही, आईलाही नाही. सोमवारी एवढंच म्हटलं, आज मीटिंग खात्यात, पाच नंबरच्या ओळीत, लूम सुरू ठेवून. ओकामुरासाननी माझ्याकडे पाहिलं. दारात डबी काढली. या वेळी मी जवळ उभी होते. केसांखालून, कानामागून बोटाच्या पेराएवढं काहीतरी काढून त्यांनी डबीत ठेवलं. मी मुद्दाम बुटाची लेस बांधायला वाकले.

आत तो आवाज. छातीत वाजणारा. आम्ही सगळे गोल उभे. मी हात वर केले, दोन बोटं जोडली, फटकन तोडली, आणि भुवया उडवल्या. तार कुठे तुटतो?

मग वाल्मिकने तीन बोटं दाखवली, ओळीकडे हात केला, वर पत्र्याकडे, मग कपाळावरचा घाम पुसल्यासारखं केलं. चंचल पुढे आला. त्याने सूत धरल्यासारखं केलं, त्यावर फुंकर मारली, वाळलं म्हणून दाखवलं, तोडलं. तिसऱ्याने बादली उपसून जमिनीवर पाणी मारायची नक्कल केली आणि हळूच मिशीवरून हात फिरवला, शेठला कळू द्यायचं नाही म्हणून! मामा, पाच भाषांची माणसं, एका मिनिटात सगळं सांगून मोकळी. दुपारी तीनला पत्र्याच्या फटीतून त्या ओळीवर ऊन येतं, सूत कोरडं पडतं, तार तुटतो, जोडला की रेघ राहते. पहिल्या आठवड्यापासून सगळ्यांना ठाऊक होतं. बिचारे गुपचूप जमिनीवर पाणी मारत होते.

आणि ओकामुरासान! मी काय बघितलं ते कसं सांगू? त्यांचा चेहराच उजळला. त्यांनी हात वर केले आणि उत्तर दिलं. दोन बोटं जोडून, फटकन वेगळी. अगदी आपल्यासारखी! कोणी शिकवलं त्यांना? आमच्यापैकी कोणी नाही. मग त्यांनी आणखी खुणा केल्या. काही आम्हाला कळल्या नाहीत, त्यावर वाल्मिकने आपल्या खुणा दाखवल्या, त्यांनी त्या दोनदा करून पाहिल्या. चंचल तोंड उघडं टाकून बघत होता. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा गावातल्या मागावर कोणीतरी हीच दोन बोटं अशीच तोडत होतं, आणि इकडे लिंबायतला तुम्ही. मला रडू आलं. आवाजात कोणाला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना कॅन्टीनमध्ये बोलावलं, लूम बंद करून. शांततेत डबी टेबलावर ठेवली. मग कानातून दोन्ही मशीन काढून तिच्या शेजारी मांडली, सगळ्यांना दिसतील अशी. हळूहळू इंग्रजीत बोलल्या, मी हिंदीत सांगत गेले:

"माझ्या आईकडे घरातच चार माग होते. मी तिथेच झोपले, तिथेच अभ्यास केला. खुणा आईच्या आहेत. तिशीत माझे कान गेले. कंपनीला मी आजपर्यंत सांगितलेलं नाही. कोणी विचारलं की म्हणते, काही अडचण नाही. इथे आले तर चोवीस माणसं मला रोज तेच सांगत होती. मला फार राग यायचा. तुमचा नाही."

मग त्यांनी खिशातून कानात घालायचे ते पिवळे बोळे काढले. तेच, जे पहिल्या दिवशी सगळ्यांना वाटले होते आणि कोणी घातले नव्हते, कारण कान बंद केला तर लूमचा आजार कसा कळणार, असं सगळ्यांचं म्हणणं. त्यांनी तळहात टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "आजार इथून कळतो. मी शिकवते."

चंचलच्या पाकिटात ते बोळे अजून वेष्टणात होते. त्याने ते तिथेच फोडले. मग वाल्मिकने. मग एकेक करून सगळ्यांनी.

उठताना त्यांनी मला थांबवून विचारलं, "तुला कोणी सांगितलं?" मी म्हटलं, "मामांनी, पारोळ्याहून." त्यांनी मान वाकवली. माझ्यासमोर नाही, तुमच्या गावाची दिशा विचारून घेतली आणि खिडकीतून तिकडे.

तुमची,
गायत्री

•

डिंडोली, सुरत
४ मे २०२५

प्रिय मामा,

खातं सुरतेत राहिलं! तीन वर्षांसाठी. पत्र्याच्या फटी बुजवल्या, हवेत ओल ठेवायचं यंत्र बसवलं, रेघ गेली. तपासणीच्या टेबलावरच्या प्रमिलाबाई म्हणतात, बोट फिरवून फिरवून कंटाळा आला, चूकच सापडत नाही. सोमवारच्या मीटिंगमध्ये आता उलटी पंचाईत. अडचणी संपतच नाहीत, एकेकाला आवरावं लागतं.

ओकामुरासाननी शेवटच्या रिपोर्टात स्वतःच्या कानांचं लिहिलं. मी म्हटलं, परत बोलावतील. त्या म्हणाल्या, "बोलावू देत." अजून उत्तर आलेलं नाही. मला धाकधूक आहे, त्यांना नाही.

त्या तुमच्याबद्दल विचारत होत्या. मामा कोणतं मशीन वापरतात? मी खरं ते सांगितलं, वापरत नाहीत, रेडिओ व्हायचं नाही म्हणतात. त्या खूप हसल्या. मग एक चिठ्ठी लिहून दिली, तुम्हाला पाठव म्हणून. सोबत ठेवली आहे. खाली मराठीत लिहिते: 'मी सुद्धा सात वर्षं रेडिओ व्हायला घाबरले. त्या सात वर्षांत आई गेली. तिचं शेवटचं बोलणं मला ऐकू आलं नाही, मी हसून हो म्हटलं.'

रागावू नका. त्यांनी सांगितलं म्हणून पाठवलं.

गायत्री

•

पारोळा
२९ मे २०२५

गायत्री बेटा,

उशीर झाला. तुझ्या ओकामुरासानचा कागद आठ दिवस खिशात घेऊन फिरलो. नवव्या दिवशी प्रदीपला म्हटलं, चल धुळ्याला.

मशीन लावलं. डॉक्टरने काहीतरी फिरवलं आणि एकदम सगळं अंगावर आलं, खुर्ची, चप्पल, बाहेरचा हॉर्न. घरी आलो तर सोनाबाई दारात उभी. म्हणाली, "आते तरी आयकू येस का?" गायत्री, चौतीस वर्षं मी तिचा आवाज मनातच लावत होतो. तो तसा राहिलेला नाही, म्हातारा झालाय. मी ओट्यावर बसून घेतलं. तिला वाटलं चक्कर आली. ती पाणी आणायला गेली, आणि तिच्या बांगड्या आतपर्यंत वाजत गेल्या.

तिला सगळं सांगितलं. काशीरामचंही. ती म्हणाली, मला काय सांगता, त्याला सांगा.

म्हणून पहिला फोन काशीरामला केला. एकवीस वर्षांचं सगळं एका दमात बोललो. मग तो गप्प झाला. आधी समोरचा गप्प आहे की मला ऐकू येत नाही हेच मला कळायचं नाही. या वेळी कळलं, तो गप्प होता. मागे त्याच्या नातीचं पाढे म्हणणं ऐकू येत होतं. मी फोन घट्ट धरून बसलो.

मग म्हणाला, "भिकन, माले तवयच माहीत व्हतं. तू मन्हा तोंडकडे दखत ऱ्हाये ना." बोलताना मी तोंडाकडे बघत राहायचो, त्यावरून त्याने ओळखलं होतं. आणि म्हणाला, मुकादमकी गेली असती तर तुझी पोरं काय खाणार होती, म्हणून बोललो नाही. बेटा, त्या हाताने तो माझ्याच पोरांना गोळ्या वाटायचा. एवढा मोठा माणूस समोरच्या घरात राहत होता आणि मी त्याच्या नजरेला नजर देत नव्हतो.

पुढच्या महिन्यात सुरतेला येतो. आधी लिंबायत, मग तुझं खातं. बाईंना सांग, पारोळ्याचा रेडिओ येतोय. त्यांच्या कंपनीचं काय उत्तर आलं तेही मला कळव.

पण पत्राने नको. रविवारी सकाळी दहाला फोन कर. ओरडू नकोस. मी उचलेन.

तुझा,
भिकनमामा